ठासणीच्या बंदुकीचा कागद

मी आयुष्यात एकच बंदूक विकली. विकताना रीतसर कागद केला, याचा मला नऊ वर्षं अभिमान होता. दहाव्या वर्षी तो उतरला.

बंदूक वडिलांची होती. ठासणीची, एकनळी. नळीत दारू आणि छर्रे ठासायचे, बार काढायचा आणि माकडांकडून समजूतदारपणाची अपेक्षा करायची. आमच्या कोकणातल्या गावी शेतीच्या राखणीसाठी अशा बंदुका परवान्यावर मिळत. वडिलांनी तिने काही मारल्याचं मला आठवत नाही. आवाज मात्र मोठा येई, आणि आवाज झाला की माकडं शेजारच्या काकांच्या बागेत जात. मग काका त्यांच्या बंदुकीचा बार काढत आणि माकडं आमच्याकडे परत येत. दोन्ही घरांत हे वीसेक वर्षं सुरळीत चालू होतं.

वडील गेले तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. परवाना माझ्या नावावर झाला आणि बंदूक गावीच, आईच्या देखरेखीखाली राहिली. पुढे आई पुण्याला आली, आणि त्र्याण्णव साली माझा शारजाचा व्हिसा आला. निवडणूक लागली की परवाना असलेल्याने आपली बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, असा नियम आहे. शारजाहून दर निवडणुकीला बंदूक जमा करायला येणं शक्य नव्हतं. त्याच पावसाळ्यात काकांच्या बंदुकीची नळी फुटली होती. त्यांच्याकडे परवाना होता, बंदूक नव्हती. माझ्याकडे बंदूक होती आणि ती मला नको होती. व्यवहार ओटीवर चहा घेताना ठरला.

कागद करायचा हट्ट माझा. काका म्हणाले, तुझ्या बापाने आणि मी नांगर, बैल, एकदा तर म्हैस दिली-घेतली, कधी कागद केला नाही. मी त्यांना सांगितलं की म्हशीला परवाना लागत नाही. ते दुखावले. काकूंनी आतून चहाचा दुसरा कप पाठवला तो माझ्यापुरताच होता, काकांना दिला नाही. कोणाची बाजू घेतली हे मला तेव्हा कळलं नाही.

मी तालुक्याला जाऊन स्टँप पेपर आणले. मजकूर मीच लिहिला, दोन प्रतींत, बंदुकीच्या नंबरासकट. काकांनी दोन्हींवर सही केली, दोघे साक्षीदार उभे केले. कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन विक्री कळवली आणि प्रत्येक प्रतीच्या मागे पोच म्हणून गोल शिक्का आणि आवक नंबर घेतला. गावात परत येऊन एक प्रत मी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती न उघडता परत माझ्याकडे सरकवली.

"दोन्ही तूच ठेव," ते म्हणाले. "माझ्या घरात कागद टिकत नाही. वाळवी खाते, नाहीतर तुझी काकू चूल पेटवते."

मला ते पटलं. खरं म्हणजे मला बरं वाटलं. दोन्ही प्रती आपल्या हातात असाव्यात असं मला मनातून वाटतच होतं.

शारजात मी ज्या कंपनीत लागलो ती लोखंडी टाक्या आणि पाइप बनवायची. पहिली काही वर्षं आमचं वर्कशॉप शारजाच्याच इंडस्ट्रियल एरियात होतं, नंतर हमरिया फ्री झोनमध्ये गेलं. माझा हुद्दा डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे ड्रॉइंग आलं की त्यावर शिक्का मारायचा, नंबर द्यायचा, कॉपी वाटायच्या आणि ओरिजिनल कोणालाही द्यायचं नाही. या शेवटच्या कलमावर माझी नोकरी टिकून होती. इंजिनिअर येऊन गयावया करत, साइटवर अर्जंट आहे म्हणत, फोरमन "यल्ला हबीबी", म्हणजे चल लवकर मित्रा, करत दारात उभा राही. मी कॉपी देत असे. ओरिजिनल माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

घरी तीच पद्धत. शारजातल्या रोला चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या कपाटाच्या वरच्या खणात सात बॉक्स फाइल होत्या, पाठीवर नंबर आणि आत इंडेक्स. भाड्याचं काँट्रॅक्ट, विजेची बिलं, मुलीच्या लशींचं कार्ड, फ्रिजची पावती, आणि तो फ्रिज विकून टाकल्यावर घेणाऱ्याची सही असलेली पावती. सहा नंबरच्या फाइलमध्ये 'इंडिया, इतर' या मथळ्याखाली बंदूक होती.

आमच्या इमारतीच्या खाली एक टायपिंग सेंटर होतं. अरबीत अर्ज टाइप करून देणं हा त्यांचा धंदा, आणि जोडीला लॅमिनेशन. गल्फमध्ये नवीन आलेल्या माणसाला लॅमिनेशनचं जे वेड लागतं ते मलाही लागलं. तिथे प्रत्येक काउंटरवर कागद मागतात, प्रत्येक कागद दमट हवेत आणि घामाच्या हातात मऊ पडतो, आणि प्लास्टिकमध्ये घातलेला कागद कसा ताठ उभा राहतो. मी लग्नाचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलं, डिग्री केली, आईच्या हातची पुरणपोळीची कृती केली. एका शुक्रवारी बंदुकीच्या दोन्ही प्रती खाली घेऊन गेलो. बायकोने विचारलं, कितीला पडलं? मी म्हटलं, एकाचे दोन दिरहम. "म्हणजे सतरा रुपये," ती म्हणाली, "आणि बंदूक तर विकलीत." मी तिला समजावलं की विकलेल्या वस्तूचाच कागद जास्त जपायचा असतो. ती म्हणाली, मलाही एकदा नेऊन करून आणा, म्हणजे इथल्या हवेत टिकेन.

दोन हजार दोनच्या सुरुवातीला एका शुक्रवारी सकाळी काकांचा मुलगा दारात उभा राहिला. तो वयाने माझ्याहून बराच लहान, दुबईतल्या अल क्वोजच्या एका लेबर कॅम्पमध्ये राहायचा आणि साइटवर सळ्या बांधायचं काम करायचा. वर्षातून एकदोनदा यायचा, नेहमी कडक इस्त्रीच्या शर्टात, नेहमी जेवणाच्या वेळेच्या आधी, म्हणजे आपण जेवायला आलो असं वाटू नये म्हणून. मग आम्ही त्याला जेवायला थांबवायचो. त्या दिवशी तो बसला नाही. काका गेल्या पावसाळ्यात वारले होते, ते मला फोनवरून कळलं होतं. आता गावी निवडणूक लागली होती.

त्याने जे सांगितलं ते असं. काका दर निवडणुकीला बंदूक नेऊन जमा करत, म्हणून काकूंनीही केली. गोधडीत गुंडाळून, एसटीने, एकट्याच तालुक्याला गेल्या. जुना हवालदार काकांना चेहऱ्याने ओळखत होता आणि तोंडओळखीवरच बंदूक घेत होता. आता नवीन हवालदार आला होता आणि तो रजिस्टर वाचायचा. रजिस्टरमध्ये त्या नंबरची बंदूक माझ्या नावावर होती. कलेक्टर कचेरीने विक्रीची नोंद पोलीस स्टेशनला कळवायची असते, ती नऊ वर्षांत कळवलेली नव्हती. परवाना असलेला नवरा हयात नाही, बंदूक दुबईतल्या माणसाची, ती तुझ्या घरात कशी, असं त्याने काकूंना विचारलं. बंदूक ठेवून घेतली, जबाब घेतला आणि सांगितलं की विक्रीचा कागद आण, नाहीतर विनापरवाना शस्त्र बाळगल्याची केस होईल. तोवर दर सोमवारी हजेरी लावून जायची.

"दादा, मी जाऊ शकत नाही," तो म्हणाला. "पासपोर्ट कंपनीकडे आहे, सुट्टीला अजून चौदा महिने आहेत. आई बासष्ट वर्षांची आहे. कागद तुमच्याकडे असेल ना?"

मला अजून आठवतं, त्या क्षणी मला आनंद झाला. एक बाई पोलीस स्टेशनच्या फेऱ्या मारते आहे हे ऐकून माणसाला आनंद व्हायला नको, पण मला झाला. मी आत गेलो, सहा नंबरची फाइल काढली, इंडेक्स पाहिला आणि अर्ध्या मिनिटात बाहेर येऊन दोन्ही प्रती त्याच्यासमोर ठेवल्या. ताठ, चकचकीत, एक कोपराही दुमडलेला नाही. त्याने हात पँटला पुसून एक उचलली आणि आपल्या बापाच्या सहीवरून, प्लास्टिकवरून, अंगठा फिरवला.

आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "बाबा, यू हॅड अ गन?" मी म्हटलं, आजोबांची होती. ती म्हणाली, "कूल." तेवढ्यावर तिचा विषय संपला.

तो प्रत घेऊन निघणार होता. मी त्याच्या हातातून ती परत घेतली. ओरिजिनल बाहेर जात नाही, असं मी त्याला सांगितलं, ज्या आवाजात फोरमनला सांगतो त्याच आवाजात. खाली जाऊन फोटोकॉपी काढली, तिच्यावर ऑफिसचा, माझ्या बॅगेतच असणारा 'ट्रू कॉपी' शिक्का मारला आणि ती त्याला दिली. तो थँक्यू म्हणाला. जेवून गेला.

फोटोकॉपी सुट्टीवर जाणाऱ्या एकाबरोबर गावी पोचायला दोन आठवडे लागले आणि परत यायला दोन मिनिटं. म्हणजे हवालदाराने ती हातात घेऊन परत दिली. ओरिजिनल आणा. आवक नंबरावरून कचेरीत शोधता येईल का, असं काकूंनी विचारलं होतं. कचेरीने सांगितलं, शोधू, अर्जासोबत ओरिजिनल जोडा.

मी आठवडाभर विचार केला. एक प्रत द्यायला हरकत नव्हती, दुसरी होतीच. पण दिलेली प्रत हरवली तर माझ्याकडे एकच राहणार, आणि एकच प्रत असणं म्हणजे आमच्या धंद्यात जवळजवळ काहीच नसणं. आठवड्यानंतर मी एक प्रत दिली, आणि ती मिळाल्याची त्या मुलाची सही घेतली. हे मी आता लिहितो आहे म्हणून लिहितो, बायकोला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आणखी दोन आठवड्यांनी तो कॅम्पमधल्या फोनवरून बोलला. कचेरीतल्या बाईंनी कागद उजेडात धरला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, हा प्लास्टिकमध्ये आहे. आम्हाला याच्यावर पडताळणीचा शिक्का मारावा लागतो, प्लास्टिकवर शाई बसत नाही. शिवाय आतला स्टँप पेपर खरा की रंगीत झेरॉक्स, हे वरून कसं कळणार? प्लास्टिक काढून आणा.

प्रत उलट टपाली माझ्याकडे आली. तोवर सहा सोमवार झाले होते, हा हिशेब मी नंतर केला.

प्लास्टिक काढायचं कसं, हे टायपिंग सेंटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, भाईसाब, लोग लगाने आते हैं, निकालने कोई नहीं आता. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की इस्त्रीने सुटतं. शनिवारी संध्याकाळी बायकोने डायनिंग टेबलावर जुनी चादर टाकली, वर सुती रुमाल, आणि इस्त्री मध्यम ठेवून फिरवली. कडा सुटली. मी दोन चिमट्यांत धरून सावकाश ओढायला लागलो. मला वाटलं जमतंय. मग दिसलं की प्लास्टिकबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा येतो आहे. मजकूर टेबलावर राहिला आणि काकांची सही माझ्या हातातल्या प्लास्टिकला चिकटून आली, उलटी. मागचा गोल शिक्का मधोमध फाटला.

मी दुसरी प्रत आणायला उठलो, तेव्हा बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"अहो, कागद राहू दे," ती म्हणाली. "बंदूक विकणारा माणूस अजून शाबूत आहे ना? कॉन्सुलेटमध्ये जा आणि सांगा की मी विकली म्हणून."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पहिल्याच शुक्रवारी सुचलं होतं. कॉन्सुलेटमध्ये जाऊन अॅफिडेव्हिट केलं की ते भारतात चालतं, हे मी ऑफिसच्या दहा माणसांना स्वतः सांगितलेलं आहे. पण त्या कागदावर माझं नाव, माझा पासपोर्ट नंबर आणि बंदूक हा शब्द एकाखाली एक येणार होते. विमानतळावर पट्टे आणि बूट काढायला लावायला तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. माझा व्हिसा जूनमध्ये रिन्यू व्हायचा होता. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि तो बाहेर काढायचा तर फॉर्मवर कारण लिहावं लागे. मी आमच्या मंदूबला, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाला, आडून विचारलंही होतं की समजा एखाद्याच्या मित्राने गावी बंदूक विकली असेल तर. तो म्हणाला होता, त्या मित्राला सांग, हबीबी, हा शब्द कुठल्याच कागदावर लिहू नकोस.

म्हणून मी कागद पुढे करत होतो. कागद माझ्या वतीने बोलला असता आणि मला बोलावं लागलं नसतं. मी इतकी वर्षं कागद जपत होतो ते खरं बोलायची वेळ आली की त्याला पुढे ढकलता यावं म्हणून, हे त्या टेबलापाशी मला स्वच्छ दिसलं, आणि मला लाज वाटली. दुसरी प्रत मी काढली नाही ती लाज वाटली म्हणून, शहाणपण होतं म्हणून नाही.

तरी मी व्हिसा रिन्यू होऊ दे, मग बघू, असं बायकोला म्हणून पाहिलं. ती म्हणाली, जूनपर्यंत काकूंनी किती वेळा जायचं? आकडा मला तोंडपाठ होता. मी सांगितला नाही. तरी पुढचे तीन आठवडे मी गेलो नाही. रोज सकाळी हमरियाच्या बसमध्ये बसताना ठरवायचो आणि रोज ऑफिसात पोचेपर्यंत काहीतरी अर्जंट काम आठवायचं.

शेवटी गेलो ते एका गुरुवारी. पासपोर्टच्या फॉर्मवर कारणाच्या जागी 'पर्सनल' लिहिलं. मंदूबने वाचलं आणि पासपोर्ट दिला. कॉन्सुलेटच्या काउंटरवरचा माणूस दमलेला होता. मी मजकूर घरून लिहूनच नेला होता: अमुक नंबरची ठासणीची बंदूक माझ्या मालकीची होती, ती अमक्या साली अमक्यांना मी विकली, पोच क्रमांक अमुक, त्या दिवसानंतर तिच्याशी माझा संबंध नाही आणि त्या कुटुंबाचा काही दोष नाही. वाचून त्याने वर बघितलं. त्याने मला गावाच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. मग समोर सही करायला सांगितली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा रांगेत.

अॅफिडेव्हिट कुरिअरने गेलं. कचेरीने आवक नंबर काढला, महिन्याभरात नोंद सापडली, पोलीस स्टेशनला कळवली. काकूंवर केस झाली नाही. बंदूक परत हवी असेल तर परवान्याचा अर्ज करा, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला नको, माकडांना खाऊ दे. माझा व्हिसा जूनमध्ये रिन्यू झाला. कोणी काही विचारलं नाही.

जुलैत एका शुक्रवारी काकांचा मुलगा आला. गावाहून आलेल्या माणसाबरोबर काकूंनी आमसुलं पाठवली होती, जुन्या फडक्यात बांधून. बायकोने ती लगेच बरणीत भरली. मग त्याने शर्टाच्या खिशातून एक छोटी पुडी काढून माझ्यापुढे धरली. दोऱ्याने बांधलेली एसटीची तिकिटं होती.

"आईने तुमच्याकडे ठेवायला दिलीत," तो म्हणाला. "हजेरीला गेली त्याची. पुढे कुणी विचारलंच तर पुरावा. म्हणाली, माझ्या घरात कागद टिकत नाही, त्याच्याकडे टिकेल."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. काकूंच्याही नसणार. मी दोरा सोडला. सव्वीस तिकिटं होती, तेरा सोमवारची, जायचं आणि यायचं. काकूंनी ती ओळीने लावलेली होती. पहिली दोन हातात घेतली तेव्हा मला आठवलं की त्या सोमवारी मी ऑफिसात बसून ट्रू कॉपीचा शिक्का कोरडा पडला म्हणून शाई घालत होतो. मधली काही घामाने मऊ झाली होती, कमरेच्या पिशवीत ठेवलेली असणार. सातव्या सोमवारपासूनची सहा त्या तीन आठवड्यांची होती, ज्यांत माझ्याकडे काही कारणच नव्हतं. त्यांच्यावरची छपाई स्पष्ट होती.

मी त्याला सांगितलं की ठेवतो. तो जेवायला थांबला. जेवताना तो आईबद्दल काही बोलला नाही, साइटवरच्या उन्हाबद्दल बोलला.

रात्री मी सहा नंबरची फाइल काढली. फाटलेली प्रत, शाबूत प्रत आणि अॅफिडेव्हिटची कॉपी यांच्यामागे तिकिटं ठेवली, काकूंच्याच दोऱ्याने बांधून. इंडेक्समध्ये नोंद करायला पेन उघडलं, पण काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून ती ओळ कोरी सोडली. बायकोने विचारलं, खाली नेऊन लॅमिनेट करणार का?

मी नाही म्हटलं. पुढे आम्ही पुण्याला परत आलो, फाइल आली, तिकिटंही आली. आता त्यांतल्या बहुतेकांवर काही वाचता येत नाही. तरी सव्वीस आहेत, मी अधूनमधून मोजतो.